वक्रसेन उर्फ डॉ. नेर्लेकर यांच्या बाबतीत

अर्जदार : रघुनाथ महादू ढोबळे, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, मूळ जिल्हा अहमदनगर, हल्ली मुक्काम सेक्टर २२, चंदीगड.

ज्यांच्याविरुद्ध : प्राध्यापक माधव गुळवणी, इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक, आमच्या मंडळाचे कायमचे दिग्दर्शक, तसेच 'संगीत वचनपाश' या जुन्या नाटकातील सत्यशील महाराज.

ज्याच्या वतीने : वक्रसेन, सदर नाटकातील खलपुरुष. वडिलांचे नाव नाटककाराने दिलेले नाही.

घटनेची तारीख : पंजाबातील अशांततेच्या वर्षांपैकी एका वर्षी, गणेशोत्सवानंतरचा रविवार. नेमकी तारीख परवानगीच्या कागदावर आहे आणि तो कागद प्राध्यापकांच्या ताब्यात आहे.

साक्षीदार : (१) डॉ. अविनाश नेर्लेकर, त्वचारोगतज्ज्ञ. (२) सौ. कुसुमताई सबनीस, कर्नलसाहेबांच्या पत्नी. (३) ठाणेदार बलदेव सिंग. (४) प्रयोगास हजर असलेले प्रेक्षक, ज्यांपैकी बहुतेक जण बदली होऊन देशभर पांगले आहेत.

संपादक महाशयांनी "आपल्या व्यवसायातील आठवणी लिहून पाठवाव्यात" असे कळवले, तेव्हा मी प्रथम त्यांच्या पत्राची पोच दिली. माझ्या धंद्यात पोच ही पहिली सभ्यता समजली जाते. नंतर विचार करता असे ध्यानात आले की आजवर मी असंख्य लोकांची गाऱ्हाणी लिहिली, पण माझे स्वतःचे एकही कोठे नोंदवलेले नाही. म्हणून ही आठवण तक्रारीच्या नमुन्यात लिहीत आहे. वाचकांनी दचकू नये. कोणालाही समन्स जाणार नाही.

अर्जनवीस म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकांना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कचेरीच्या आवारात, झाडाखाली, पत्र्याचे टेबल व टंकयंत्र घेऊन जो बसतो आणि ज्याला सरकारशी बोलता येत नाही त्याच्या वतीने जो सरकारशी बोलतो, तो अर्जनवीस. वकील साहेबांचा काळा कोट असतो, आमचा कोट नसतो, एवढाच काय तो फरक. असे मी म्हणतो, वकील म्हणत नाहीत. माझे वडील फौजेच्या स्वयंपाकघरात होते. निवृत्तीनंतर ते इकडेच राहिले. मी नववीत शाळा सोडली. शाळेला त्याचे फार वाईट वाटल्याचे ऐकिवात नाही. पुढे मुन्शी हरबन्सलाल या वृद्ध अर्जनवीसांच्या टेबलाशेजारी बसून मी धंदा शिकलो, आणि त्यांनी मला जे तीन नियम दिले ते कोणत्याही विद्यापीठात मिळत नाहीत.

पहिला नियम : अर्जात जो माणूस येईल तो नाव, वडिलांचे नाव व राहण्याचे ठिकाण यांसह येईल, उघडाबोडका येणार नाही. दुसरा : एका माणसाला दोन नावे असतील तर दोन्ही लिहावीत आणि मध्ये 'उर्फ' घालावे; अन्यथा समोरचा पक्ष उद्या उभा राहून म्हणेल की तो इसम मी नव्हेच. तिसरा आणि सर्वांत मोठा : कोणी, कोणाकडे, काय मागितले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच सांगावे. बाकी सारी सजावट.

याच तीन नियमांवर मी आयुष्यभर अर्ज लिहिले आणि याच तीन नियमांवर मी नाटके व सिनेमे पाहिले. विद्वान मंडळी पात्रांच्या स्वभावाविषयी व नाटकाच्या आशयाविषयी पुष्कळ लिहितात. मी त्यांतले काही वाचण्याचा यत्न केला आहे. त्यात मागणी काय आहे तेच कळत नाही.

माझी पद्धत किती उपयोगी आहे याचे एक उदाहरण देतो. सेक्टर २२ मधील एक मिठाईवाले, लाला चुनीलाल, एके दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आले आणि एका चित्रपटगृहाविरुद्ध फसवणुकीची तक्रार लिहा म्हणाले.

"पोस्टर पे माँ हँस रही थी, ढोबळे जी. अंदर जाके मर गई. मेरी घरवाली ने तब से रोटी नहीं बनाई."

मी कागद चढवला नाही. मी विचारले, "लालाजी, माँ ने किससे क्या माँगा था?"

त्यांनी बराच विचार केला. "बेटे से. कि घर आ जा."

"बेटा आया?"

"आया जी. आख़िरी रील में."

"तो मामला धोखे का नहीं है," मी त्यांना समजावले, "मामला देरी का है. माँ की अर्ज़ी मंज़ूर हुई, पर देर से. पोस्टर वाली हँसी मंज़ूरी की हँसी है."

लालाजींना ते पटले. त्यांनी घरी जाऊन पत्नीला ते सांगितले आणि दोघे तोच चित्रपट पुन्हा पाहून आले. त्यानंतर ते प्रत्येक चित्रपटाचा आशय मला विचारून मगच तिकीट काढत.

आता मूळ घटनेकडे येतो.

चंदीगडातील आमचे मंडळ म्हणजे फौजेतले व हवाई दलातले अधिकारी, मोठ्या इस्पितळातले डॉक्टर, विद्यापीठातले अध्यापक, केंद्र सरकारचे हिशेबनीस आणि मी. दरवर्षी गणेशोत्सवानंतर एक जुने नाटक होत असे. माझ्याकडे पडदा होता. पडदा ओढणे हे काम वाटते तितके किरकोळ नाही. निकाल कधी जाहीर करायचा हे त्या दोरीवर असते. परंतु त्या वर्षांत शहरावर सावट होते. चौकाचौकांत वाळूच्या गोण्यांच्या आड शिपाई उभे, संध्याकाळ झाली की रस्ते ओस, चित्रपटगृहाच्या दारात जेवणाचे डबेसुद्धा उघडून पाहत. लागोपाठ दोन वर्षे 'वचनपाश'च्या तालमी झाल्या आणि लागोपाठ दोन वर्षे ऐन वेळी संचारबंदी लागून प्रयोग रद्द झाला.

यात सर्वाधिक नुकसान डॉ. नेर्लेकरांचे झाले. डॉक्टर मूळचे सांगलीचे, अंगाने बारीक, स्वभावाने इतके सौम्य की रुग्णाच्या अंगावरील खरजेलाही ते दुखावू इच्छित नसत. मंडळात ते कायम 'दुसरा भालदार' असत. या नाटकात त्यांना प्रथमच वक्रसेन मिळाला होता.

"ढोबळेसाहेब," ते मला एकदा चहा पिताना म्हणाले, "मला आजपर्यंत कुणी घाबरलेलं नाही. कंपाउंडर घाबरत नाही, बायको तर नाहीच. एकदा, फक्त एकदा, समोरच्या माणसानं घाबरावं एवढीच इच्छा आहे. पुढच्या वर्षी माझी इथली मुदत संपते. यंदा झालं नाही तर मी जन्मभर भालदारच."

हे त्यांचे म्हणणे मी मनात नोंदवून घेतले.

नाटक ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी हकिगत थोडक्यात देतो. वक्रसेन हा सीमेवरील किल्ल्याचा रखवालदार. महाराजांनी त्याला भर दरबारात वचन दिलेले असते की किल्ला तुझ्या हवाली करीन. वेळ येते तेव्हा महाराज तो किल्ला महाराणींच्या भावाला देतात. वक्रसेन दुसऱ्या अंकात शेजारच्या राज्याला जाऊन मिळतो, तिसऱ्या अंकात तलवार घेऊन दरबारात शिरतो व एक मोठे स्वगत म्हणतो, आणि पाचव्या अंकात मारला जातो. त्याच्या प्रेताशेजारी उभे राहून महाराज सत्याची महती गातात. पडदा.

प्राध्यापक गुळवणी यांच्या मते या नाटकाचा आशय 'सत्य आणि मोह यांचा सनातन संघर्ष' असा असून वक्रसेन हे मूर्तिमंत मोहाचे प्रतीक आहे. माझे मत वेगळे होते व आहे. पहिला अंक नीट पाहावा. वक्रसेन महाराजांपुढे तीन वेळा हात जोडून विचारतो की वचनाचे काय झाले. एकदा महाराज गाणे म्हणतात. एकदा नर्तकी येते. तिसऱ्या वेळी विदूषक विनोद करतो. उत्तर एकदाही नाही. ज्या माणसाचे नावच वक्रसेन ठेवले आहे, त्याच्याविरुद्ध नाटककाराने सुनावणीपूर्वीच निकाल देऊन टाकला, हे उघड आहे.

मी हे प्राध्यापकांना सांगितले, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "ढोबळे, ही अभिजात कलाकृती आहे. हा तहसिलातला दाखला नव्हे."

मी म्हणालो, "सर, दाखला मागितला तर निदान नकार तरी मिळतो."

या ठिकाणी एक गोष्ट नमूद करतो, कारण ती न सांगितल्यास माझे मत पोरकट वाटेल. त्या वर्षांत माझ्या टेबलाशी येणारे लोक बदलले होते. रोपडकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी येत असे. तिचा मुलगा घरून गेला होता आणि परतला नव्हता. मी तिचा अर्ज लिहीत असे, ती अंगठा उठवीत असे, आणि पुढच्या खेपेला येऊन मागच्या अर्जाचे काय झाले ते मला विचारीत असे, "पुत्तर, पिछली अर्ज़ी दा की बणेया?" माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नसे, म्हणून मी नवा अर्ज लिहीत असे. उत्तर न देणे ही किती मोठी कृती आहे, हे प्राध्यापकांना पुस्तकातून कळले असते तर मला आनंद वाटला असता.

असो. तिसऱ्या वर्षी मंडळाने ठरवले की प्रयोग रविवारी सकाळी दहाला करायचा आणि रीतसर परवानगी घ्यायची. कचेरीने सांगितले की नाटकातील पात्रांचा परिचय व आशय लेखी जोडावा, म्हणजे आक्षेपार्ह काही नाही याची खात्री करता येईल. प्राध्यापकांनी इंग्रजीत मजकूर करून दिला. तो परत आला. खिडकीवरच्या कारकुनाने त्यांना सांगितले, "प्रोफ़ेसर साहब, इसमें सब कुछ है, बस ये नहीं पता चलता कि कौन किसका क्या लगता है."

तेव्हा मंडळाला माझी आठवण झाली.

मी तो अर्ज रात्रंदिवस मनात घोळवून सिद्ध केला. माझ्या कारकिर्दीतील तो उत्तम मसुदा होता, असे मी आजही म्हणेन. नियमाप्रमाणे प्रत्येक पात्र नाव, वडील व ठिकाण यांसह घातले. आणि ज्या अर्थी प्रत्येक इसमाला नाटकातले एक व घरचे एक अशी दोन नावे होती, त्या अर्थी दोन्ही लिहिली. त्यातील संबंधित परिच्छेद मराठीत असे होतात :

'४. की वक्रसेन उर्फ डॉ. अविनाश नेर्लेकर, वल्द विष्णुपंत, राहणार सेक्टर १५, याने शेजारच्या राज्याशी संधान बांधले आहे.

५. की सदर वक्रसेन उर्फ डॉ. नेर्लेकर हा तिसऱ्या अंकात तलवारीसह (लाकडी) दरबारात प्रवेश करील.

६. की सदर इसमाचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही.'

अर्ज दाखल झाल्यावर काही दिवसांनी दोन शिपाई डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात आले. बाहेर बाकांवर रुग्ण खाजवत बसले होते. शिपायाने दारात उभे राहून पुकारा केला, "वक्रसेन उर्फ नेर्लेकर हाज़िर है?"

कंपाउंडरने मला नंतर सांगितले की सगळ्या बाकांवरचे खाजवणे त्या क्षणी थांबले. डॉक्टरांनी आत, टेबलामागून, शाळेत हजेरीला करतात तसा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावण्याप्रमाणे ठाण्यावर आम्ही तिघे हजर झालो : डॉक्टर, प्राध्यापक आणि मी. ठाणेदार बलदेव सिंग हे भरदार देहाचे, थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. माझा अर्ज त्यांच्यापुढे होता आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. माझे लिखाण इतक्या बारकाईने वाचणारा अधिकारी मला प्रथमच भेटत होता.

"वक्रसेन कौन?"

"मैं, जी," डॉक्टर म्हणाले. "पर सिर्फ़ नाटक में."

"पड़ोसी राज से मिले हुए हो?"

"दूसरे अंक में, जी."

"उससे पहले?"

"उससे पहले वफ़ादार हूँ, जी."

प्राध्यापक पुढे सरसावले. "ठाणेदार साहब, मैं समझाता हूँ. ये एक क्लासिक है."

"क्लासिक मतलब?"

"जो बरसों से बदला नहीं."

"जैसे हमारा थाना," ठाणेदार म्हणाले. "लिखा किसने है ये?"

मी उभा राहून नाव, वडिलांचे नाव व पत्ता सांगितला. त्यांनी विचारले, "उर्फ क्यों लगाया?" मी मुन्शीजींचा दुसरा नियम जसाच्या तसा सांगितला. ठाणेदारांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "क़ायदा तो ठीक है." हे वाक्य मी येथे पुराव्यादाखल देत आहे, कारण पुढे मंडळाच्या सभेत माझ्या उर्फवरून पुष्कळ बोलले गेले.

मग त्यांची पेन्सिल सहाव्या परिच्छेदावर टेकली. त्याखाली दोन रेघा होत्या.

"इसका कहना बेबुनियाद नहीं. ये किसकी राय है?"

त्या काळात असे वाक्य लिहिणे म्हणजे काय, हे मला त्या खोलीत बसल्यावर उमगले.

"इनकी," प्राध्यापक माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मेरी बिलकुल नहीं."

आता माघार घेणे माझ्या धंद्याला शोभले नसते. मी पहिला अंक सांगितला. वचन सांगितले, हात जोडणे सांगितले, गाणे, नर्तकी व विदूषक सांगितले.

"तीन बार अर्ज़ की?"

"जी. भरे दरबार में."

"जवाब?"

"नहीं आया, हुज़ूर."

ठाणेदारांनी पेन्सिल खाली ठेवली. ते प्राध्यापकांकडे वळले. "राजा कौन बनता है?"

"मैं," प्राध्यापक म्हणाले.

"जवाब क्यों नहीं दिया, प्रोफ़ेसर साहब?"

"नाटक में लिखा नहीं है."

"सब यही कहते हैं," ठाणेदार म्हणाले.

मग ठाणेदारांनी डॉक्टरांना सांगितले की तो तलवारीचा प्रसंग जरा करून दाखवा, म्हणजे शहराच्या शांततेला धोका आहे किंवा कसे ते ठरवता येईल. डॉक्टर उठले. त्यांनी टेबलावरील रूळ तलवारीसारखा धरला, डोळे वटारले आणि सारा जीव एकवटून गर्जना केली, "महाराज, सावध."

दार उघडून एक शिपाई आत डोकावला आणि म्हणाला, "चाय मँगवाऊँ, जी?"

ठाणेदारांनी अर्जावर सही केली. "इस आदमी से किसी को ख़तरा नहीं," ते म्हणाले. "मंज़ूर."

परवानगी मिळाली. प्राध्यापकांनी परतीच्या वाटेवर रिक्षात अभिजात वाङ्मयाच्या सामर्थ्यावर भाषण केले. सेक्टर १७ चा चौक ओलांडल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "घाबरला नाही हो कुणी. चहा विचारला."

ही हकिगत तालमीत पोचायला वेळ लागला नाही. कुसुमताई सबनीस महाराणी सुमतींची भूमिका करीत. साताऱ्याकडील सडेतोड बाई; कर्नलसाहेब सीमेवर आणि त्या घरी मुलांच्या हिंदीला मराठीतून उत्तरे देत दिवस काढत. ठाणेदारांचा प्रश्न ऐकून त्या हातातली संवादांची वही मिटून बसल्या.

"सर, खरंच की. मी पहिल्या अंकात शेजारी उभी असते, किल्ला माझ्याच भावाला मिळतो, आणि मी काय करते? पदर सावरते. ही बाई एका शब्दानं विचारत नाही?"

"कुसुमताई, सुमती ही पतिनिष्ठेचं प्रतीक आहे," प्राध्यापक म्हणाले.

"असेल. पण आमच्या ह्यांचा रजेचा अर्ज असाच कुठं तरी पडलेला असतो तेव्हा मी पाच जणांना विचारते. निष्ठा कमी होत नाही त्यानं."

"संहितेत एक अक्षरही बदलणार नाही," प्राध्यापकांनी निर्वाणीचे सांगितले, आणि तालीम पुढे सुरू झाली. त्या दिवशी मी कुसुमताईंच्या चेहऱ्याकडे पाहिले होते. अर्ज मागे घेतलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

रविवार उजाडला. दारात झडती झाली, तलवारी लाकडी असल्याची खात्री करून घेण्यात आली, आणि विंगेतल्या सतरंजीवर हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याने तबला लावला. सभागृह भरले होते. इतकी मराठी माणसे एकत्र बसलेली मी फार दिवसांनी पाहत होतो. पहिल्या रांगेत कडेला ठाणेदार बलदेव सिंग गणवेशात येऊन बसले. मराठी त्यांना येत नव्हती, पण माझा अर्ज त्यांनी वाचलेला होता. त्यांना काही अडले नाही.

तिसरा अंक आला. महाराज सिंहासनावर, महाराणी शेजारी, मी विंगेत हाती दोरी घेऊन. डॉक्टर तलवार उपसून आत आले, "महाराज, सावध" म्हणाले, आणि मागच्या रांगेतले एक मूल हसले. यापुढे त्यांचे मोठे स्वगत होते. ते तोंड उघडणार, एवढ्यात कुसुमताई एक पाऊल पुढे आल्या आणि संहितेत नसलेले वाक्य स्वच्छ आवाजात बोलल्या.

"महाराज, याच्या विनंतीचं काय झालं?"

प्राध्यापकांनी आयुष्यभर वाङ्मय शिकवले, पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी प्रॉम्प्टरकडे पाहिले. प्रॉम्प्टरने पुस्तकात पाहिले. सभागृह वाट पाहत होते. शेवटी महाराज सत्यशील सिंहासनावर सावरून बसले आणि म्हणाले,

"विचाराधीन आहे."

प्रेक्षकांतील बहुतेक जण सरकारी नोकर होते. जे हसणे उठले त्याचे वर्णन मला करता येणार नाही. हिशेबनीस हसत होते, सुभेदार मेजर हसत होते, बायका डोळे पुसत होत्या. दोन वर्षे ज्या लोकांनी संध्याकाळी दारे लावून घेतली होती, ते सगळे एकदम हसत होते आणि थांबत नव्हते.

आणि त्या हसण्याच्या मध्ये डॉ. नेर्लेकर उगारलेली तलवार घेऊन उभे होते. ज्या क्षणासाठी ते तीन वर्षे थांबले होते, तो क्षण त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून चालला होता. प्राध्यापकांनी सिंहासनावरून मला हाताने खूण केली : पडदा टाक. अंक वाचवायचा तर तोच मार्ग होता, हे मला कळत होते. पडदा टाकला असता तर स्वगत गेले असते. मी दोरी घट्ट धरली आणि टाकला नाही. प्राध्यापकांनी पुन्हा खूण केली. मी त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले. हे कौशल्य मी कचेऱ्यांच्या खिडक्यांवरून शिकलो आहे.

मग डॉक्टरांनी एक गोष्ट केली. त्यांनी तलवार खाली घेतली, सिंहासनाच्या पायरीवर जाऊन बसले, ती मांडीवर आडवी ठेवली आणि महाराजांकडे पाहत राहिले. साहेबांची वेळ होईपर्यंत लोक बाकावर जसे बसतात, अगदी तसे. ते काही करीत नव्हते. नुसते बसले होते. हसणे आपोआप विरत गेले, एकेक रांग गप्प झाली, आणि शेवटी वरच्या पंख्यांचा आवाज तेवढा उरला.

तेव्हा ते बसल्या जागेवरून, अजिबात न ओरडता, स्वगत म्हणू लागले. तालमीत ज्या शब्दांवर ते छाती पिटत असत, ते शब्द त्यांनी रुग्णाला निदान सांगावे तसे, हळू व स्पष्ट सांगितले. शेवटच्या वाक्याला ते उठले आणि तलवार न उगारता महाराजांच्या दिशेने चालू लागले. मी पहिल्या रांगेकडे पाहिले. ठाणेदार बलदेव सिंग खुर्चीत ताठ झाले होते आणि त्यांचा उजवा हात, त्यांच्याही नकळत, कमरेच्या पिस्तुलाकडे गेला होता.

मी पडदा टाकला.

विंगेत डॉक्टरांनी माझी बाही धरली. "ढोबळेसाहेब, तुम्ही पाहिलंत? गेला ना त्यांचा हात? कमरेकडे?"

"गेला," मी म्हणालो. "मी साक्षीदार आहे."

त्यानंतर डॉक्टरांची मुदत संपेपर्यंत शहरातल्या नाक्यांवर त्यांची स्कूटर कोणी अडवली नाही. शिपाई दुरूनच हात करीत, "आओ जी, वक्रसेन जी." माझ्या उर्फचा एवढा उपयोग कोणी मान्य करीत नाही. पुढे डॉक्टर सांगलीला परत गेले. कुसुमताई कर्नलसाहेबांबरोबर दक्षिणेत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "ढोबळेभाऊ, तुमचं म्हणणं बरोबर होतं, पण तुम्ही ते सांगता तेव्हा झोप येते." त्यातील पहिला अर्धा भाग मी जपून ठेवला आहे.

प्रयोगानंतरच्या सभेत प्राध्यापकांनी माझ्यावर दोन आरोप ठेवले : दिग्दर्शकाची खूण असताना पडदा न टाकणे, आणि अभिजात नाटकाच्या आशयाचा विपर्यास पसरवणे. पडदा माझ्याकडून काढून हवाई दलाकडे देण्यात आला. नंतर मंडळाच्या स्मरणिकेत प्राध्यापकांचा 'वचनपाश : सत्य आणि मोह' हा लेख आला. त्यात वक्रसेनाला मोहाचे प्रतीक म्हटले होते, आणि त्या सकाळी सभागृहभर माणसे अर्धे निमिष श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होती, याचा उल्लेख कोठेही नव्हता. मी लेखी खुलासा दिला. त्याचे स्मरणपत्रही दिले. दोन्ही स्वहस्ते नेऊन दिली.

आता शहर निवळले आहे, संध्याकाळी सेक्टर २२ च्या बाजारात पुन्हा गर्दी असते, आणि मंडळ यंदा 'संगीत वचनपाश' पुन्हा करणार असल्याचे विश्वसनीयरीत्या समजते. महाराजांच्या भूमिकेत प्राध्यापक गुळवणीच आहेत.

सबब अर्जदाराचे मागणे असे की :

(अ) वक्रसेन यास खलपुरुष ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे एकदा ऐकून घ्यावे, आणि तरीही तो खलपुरुषच ठरत असल्यास तशी कारणे द्यावीत;

(ब) पडदा अर्जदाराकडे परत सोपवावा;

(क) पहिल्या अंकात वक्रसेन हात जोडून उभा राहील तेव्हा यंदा महाराज त्यास काय उत्तर देणार आहेत, हे अर्जदारास प्रयोगापूर्वी लेखी कळवावे. नकार असल्यास नकार कळवावा. 'विचाराधीन आहे' हे उत्तर धरले जाणार नाही.

वर लिहिलेले सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे. उत्तराची वाट मी रोज सकाळी दहापासून कचेरी सुटेपर्यंत, नेहमीच्या झाडाखाली पाहीन.

रघुनाथ महादू ढोबळे
अर्जनवीस